रुपलीचे ठोके

मी एक जुना रूळ आहे. अख्खा नाही, दीड हात लांबीचा तुकडा. माझ्या पोटावर कारखान्यात उठवलेले चार आकडे आहेत: १९७१. मित्रांनो, तुमचा जन्मदाखला कपाटात असतो, माझा अंगावरच. हे आकडे तेवढे लक्षात ठेवा.

पंचवीस वर्षं मी गाड्या अंगावर घेतल्या. मग झिजलो, कापला गेलो, भंगारात पडलो. तिथून तोताराम नानांनी मला विकत घेतलं. नाना रेल्वेत गँगमन. मला सायकलला बांधून ढकलत ढकलत त्यांनी असोदा रस्त्यावरच्या एका पत्र्याच्या शेडपाशी आणलं. जळगाव शहर तेव्हा तिथवर जेमतेम पोचलं होतं. शेडमध्ये दर रविवारी मिस्सा, म्हणजे आमची ख्रिस्ती उपासना, व्हायची आणि फादर भुसावळहून मोटारसायकलवर यायचे. सगळी मिळून सात कुटुंबं. तीन रेल्वेतली, एक नर्सबाईंचं, आणि तीन सातपुड्याच्या पायथ्याहून केळीच्या गाड्या भरायला आलेली. घंटा घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून बोल्टच्या भोकातून तार ओवून मला कडुनिंबाला टांगलं.

हातोडा केळीवाल्या कुटुंबांतल्या रुपलीने घेतला. केळीचे घड वाहून तिचा खांदा चांगला तयार होता. मी असा खणखणायचो की असोद्याहून येणाऱ्या मोटारसायकली वळून बघत. आमच्यात कुणी वारलं की जितकं वय तितके ठोके द्यायची रीत. रुपलीला विसाच्या पुढे मोजता येत नसे. नर्सबाई तिला खडे मोजून देत. एक ठोका, एक खडा बाजूला. तोताराम नाना गेले तेव्हा तिने अडुसष्ट खडे संपवले, एकही चुकला नाही.

त्या दिवशी खडे गोळा करता करता तिने फादरांना विचारलं, "बठ्ठासले ठोका भेटतंस. माले किती भेटतीन?"

"सगळ्यांना मिळतात तसे, वयाइतके. तुझं वय किती?"

"ते कोनले म्हाईत? माय सांगे, डोंगरले वनवा लागना ते साल."

फादर हसले. त्यांनी माझ्या पोटावरची धूळ बाहीने पुसली. "हा आणि तू एकाच वयाचे दिसता. एकोणीसशे एकाहत्तर. हेच तुझं साल. कुणी विचारलं तर हा रूळ दाखव."

ती कितीतरी वेळ आकड्यांवरून बोट फिरवत राहिली. पुढे दर रविवारी ओलं फडकं घेऊन ती माझे चार आकडे पुसायची. बाकीचं अंग गंजलं तरी तिला चालायचं.

फादरांची बदली झाली. सातांची दीडशे कुटुंबं झाली, शेड पाडलं, पांढऱ्या फरशीचं देऊळ उभं राहिलं. बिशप आले आणि आम्ही रीतसर धर्मग्राम, म्हणजे पॅरिश, झालो. कमिटीचे सेक्रेटरी लीलाधर सर यांनी बटणावरची घंटा आणली. आकडा दाबला की तितके ठोके आपोआप पडतात. माझ्याजवळ उभं राहून राहून रुपलीचे कान गेले होते.

"मावशी, आता आराम करा," सर म्हणाले.

"काय?"

"आराम! बहिरीच्या हाती घंटा ठेवली तर लोक हसतील आम्हाला."

लोक तेव्हाच हसले.

"आणि हे भंगार?" गवंड्याने विचारलं.

"दाराशी गाड. चिखल खरवडायला होईल. नवी फरशी आहे."

गवंड्याने मला पोटावर पार सिमेंट भरून गाडलं, डोकं तेवढं वर ठेवलं. रुपली धावत आली. "मनं साल शे त्यामा! बुजू नको रे!" ती ओल्या सिमेंटात बोटांनी उकरू लागली. त्याने तिला दंडाला धरून बाजूला केलं. तिच्या बोटांच्या चार रेघा अजून तिथे आहेत.

२०२४च्या पावसाळ्यात रुपली गेली. तिची लेक ममता दाराशी उभी राहिली.

"सर, मायना ठोका?"

"वय सांग."

"आधारवर एकसष्ट. रेशनकार्डावर चव्वेचाळीस."

"मशीनमध्ये एकच आकडा बसतो."

"माय सांगे, रूळवर लिखेल शे."

सरांनी वाकून माझ्याकडे पाहिलं. "कुठं आहे? देवाच्या दारात खोटा आकडा वाजवायचा का? त्यापेक्षा नकोच." तसे ते वाईट नव्हते, मित्रांनो. नियमाचे होते. दुष्ट माणसाच्या निदान पाया पडता येतं.

मला आकडा ठाऊक होता. त्रेपन्न. पण मी सिमेंटात होतो.

पेटी आत गेली. मागून माणसं आली, आणि फरशीवर पाय ठेवण्याआधी एकेकाने माझ्यावर चपला घासल्या. खर्र. खर्र. तिच्या वाट्याला माझा एवढाच आवाज आला. मी मोजत होतो. एकोणीस. मग पाऊस वाढला आणि कुणी आलं नाही.

त्यानंतर हजारोंनी पाय घासले, पण ते तिच्यासाठी नव्हते, म्हणून मी धरत नाही. मित्रांनो, तुमच्यासाठी रोज घंटा वाजवणारं कुणी असेल, तर त्याचं साल त्याला ऐकू येतंय तोवर विचारून घ्या आणि कागदावर लिहा. आमच्यासारख्यांच्या पोटावर सोडू नका. आणि कधी असोदा रस्त्याने आलात, तर माझ्यावर पाय घासताना एकदा 'रुपली' म्हणा. चौतीस उरलेत.