निरोप येईना, दूध येईना

अहो, मी पीयूषिका बोलतेय! मेंदूच्या तळाशी, हाडाच्या खोबणीत, देठाला लटकलेली वाटाण्याएवढी ग्रंथी. मूर्ती लहान, पण कीर्ती महान! सगळे मला ग्रंथींची राणी म्हणतात. खरं सांगू? नाव माझं आणि हुकूम दादाचा. दादा म्हणजे माझ्या डोक्यावर बसलेला मेंदूचा छोटा भाग, अधश्चेतक. तो निरोप धाडतो, मग मी संप्रेरकं रक्तात सोडते.

मी जिच्या डोक्यात राहते, ती शिवणकाम करते. ती लहान असताना दादाने सांगितलं, वाढव हिला. मी अशी कामाला लागले की तिचे फ्रॉक वर्षभरही पुरेनात. तिची आई वैतागायची.

पण माझी खरी कसोटी लागली ती तिला मुलगी झाल्यावर. दूध तयार करणारं संप्रेरक मी भरपूर सोडत होते. छाती भरून ठणकायची, पण दूध बाहेर येईना. ते बाहेर आणणारं संप्रेरक दादानेच बनवून माझ्याकडे ठेवायला दिलेलं. त्याच्या इशाऱ्याशिवाय मी ते कशी सोडणार? बाळाचं वजन घटत चाललं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उद्यापर्यंत फरक पडला नाही तर बाळाला दवाखान्यात ठेवावं लागेल.

सासरे घड्याळजी. टोला पडला की बाळ आईजवळ, असा घरचा नियम. मधेच रडलं तर सासूबाई त्याला मागच्या खोलीत नेऊन थोपटायच्या, सुनेला विश्रांती मिळावी म्हणून हो! टोला पडेपर्यंत बाळ रडून रडून झोपी गेलेलं. आई हवालदिल होऊन काट्यांकडे बघत बसायची. काळजीने दादा मुका झालेला. या कामात त्याला भिंतीवरचं घड्याळ चालत नाही. त्याला बाळाचा आवाज लागतो, बाळाचा स्पर्श लागतो.

त्या दुपारी बाळ मागे रडू लागलं. ती उठली आणि भिंत धरत धरत तिकडे गेली. सासूबाई म्हणाल्या, अजून वेळ झाली नाही.

"आई, तिची झालीय ना. द्या तिला."

सासूबाईंनी बाळ दिलं. त्याने तोंड लावलं, ओढू लागलं, आणि वरून दादाचा निरोप आला! मी होतं नव्हतं ते रक्तात ओतलं. मिनिटभरात दूध सुटलं, इतकं की बाळाला ठसका लागला. सासूबाई डोळे पुसत हसू लागल्या.

तुमच्या घरी बाळंतीण असेल तर एवढं ऐका माझं: बाळ रडलं की आधी तिच्या कुशीत द्या. चला, येते मी. बाळ नुसतं कुरकुरलंय. आईने त्याला उचललंही नाही अजून, आणि दुधाने तिचा कपडा भिजलासुद्धा!