दुसरं पाणी

“हा बघ. असा एक राहिला तरी अख्खं पातेलं वाया,” आई म्हणाली आणि सुपातला काळपट शेंगदाणा माझ्या डोळ्यांसमोर धरून तिनं तो दाराबाहेर भिरकावला.

१९९६ सालचा मे महिना होता. माझी दहावीची परीक्षा झाली होती. आई, लंकाबाई, गावातल्या अंगणवाडीची सेविका. एकलहऱ्याच्या वीज केंद्राची राख वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते, एवढ्या अंतरावर आमचं गाव. अंगणवाडीला नळ नव्हता, म्हणून मुलांना वाटायचे शेंगदाणे आई आमच्या घरी, बौद्धवाड्यात, भिजवायची. सकाळी गुळाच्या खड्याबरोबर ते मुलांना मिळायचे.

भिजवण्याची तिची शिस्त होती. दाणे निवडायचे, तीन पाण्यांनी धुवायचे, उकळून गार केलेल्या पाण्यात घालायचे, वर धुतलेलं फडकं. थंडीत एक पाणी रात्रभर पुरतं. उन्हाळ्यात दिवेलागणीला ते ओतून दुसरं घालायचंच, नाहीतर दाणे आंबतात. सकाळी पुन्हा धुवून ती मूठभर आधी स्वतः खायची. अंगणवाडीत वाटप नऊला. तोवर तिच्या पोटात काही झालं नाही, तरच वाटायचे.

“एवढं कोण करतं गं?” मी विचारायचे.

“दुसऱ्यांनी नाय केलं तर चालतं,” ती म्हणायची.

त्याचा अर्थ मला कळत नव्हता असं नाही. गावातली बरीच घरं अंगणवाडीत मुलांची नावं लावायची, लसी टोचून घ्यायची आणि खाऊच्या वेळेआधी मुलं घरी न्यायची. पोलीस पाटलांच्या घरच्या सुमनबाईंनी तर नातवाला, बंटीला, दोन वर्षांत एकदाही पाठवलं नव्हतं. आई वजनकाटा घेऊन त्यांच्या घरी जायची आणि ओट्याखाली उभी राहून त्याचं वजन लिहून घ्यायची.

त्या दिवशी चारच्या सुमाराला दाणे पाण्यात पडले, आणि सुमनबाई स्वतः आमच्या अंगणात आल्या. त्याआधी त्या बौद्धवाड्यात आलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

“लंकाबाई, सुनेला कळा सुरू झाल्यात. घरची सगळी माणसं लग्नाला गेली. जीप बोलावलीय, तू चल संगं. तुला दवाखान्यातलं कळतं.”

आई पदर खोचत उठली. “चला. आन् बंटी?”

“आज शेजारी निजंल. उद्या तुझ्याकडंच धाडायला सांगते अंगणवाडीत. घरी कोण बघणार त्याला?”

आईनं माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मी नंतर पुष्कळदा आठवून पाहिला आहे. एखाद्या मुलीचा निकाल लागावा तसा तो होता. जीपमध्ये चढता चढता ती म्हणाली, “मीने, दिवे लागले की पाणी बदल. इसरू नको.”

“नाही विसरत.”

मी नाशिकरोडच्या वाचनालयातून आणलेली एक जाड कादंबरी वाचत होते. दिवे लागल्याचं मला कळलं नाही, असं मी म्हणू शकत नाही. अक्षरं दिसेनाशी झाली तेव्हा मीच उठून बटण दाबलं होतं. पातेलं चार हातांवर होतं. हे प्रकरण संपवून उठू, असं ठरवलं. मग पुढचं. मग पुस्तकावरच डोळा लागला.

आई सकाळी पहिल्या एसटीनं परतली. साडीवर डाग, डोळे तांबारलेले, पण खुशीत. “पोरगी झाली. सगळ्या वाटंनं माझ्या मांडीवर डोकं ठेवून व्हती ती.” बोलता बोलता तिनं पातेल्यावरचं फडकं काढलं. पाण्यावर बारीक फेस आला होता.

“पाणी बदललं का गं?”

“हो.”

तिनं एक दाणा तोंडात टाकला. चावला. माझ्याकडे पाहिलं. मग तिनं दाणे धुवायला घेतले. नेहमीसारखे तीनदा नाही, सहा-सात वेळा. मूठभर काही खाल्ले नाहीत. पातेलं डोक्यावर घेऊन ती गेली.

दुपारपर्यंत सात मुलांना उलट्या आणि जुलाब सुरू झाले. बंटीला सलाईन लावावं लागलं. दोन दिवसांत सगळी मुलं बरी होऊन खेळायलाही लागली. तिसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत बैठक झाली. तालुक्याहून मुख्यसेविका आल्या होत्या. मी दाराबाहेर, चपलांपाशी उभी होते.

“पाणी बदलायचं राहिलं,” आई म्हणाली. “चूक माझी हाय.”

अंगणवाडीच्या मदतनीस मालनबाई वाड्यातल्या नव्हत्या, गावातल्या होत्या. त्यांनी विचारलं, “पण तू तर त्या सांजेला दवाखान्यात व्हतीस ना? मग घरी पातेल्यापाशी कोण व्हतं?”

मला वाटलं, आता आई माझं नाव घेईल. मला असंही वाटलं, की आता मीच आत जावं. मी चपलांकडे बघत राहिले.

“घर माझं, पातेलं माझं,” आई म्हणाली. “आणखी कोण असणार?”

मग सुमनबाई बोलल्या. आवाज चढवून नाही, अगदी समजुतीनं. “लंकाबाईला मी वाईट म्हणत नाय. पण कसं असतं, ज्याच्या त्याच्या घरची सवय असती. अंगवळणीच नसतं, त्याला माणूस काय करणार?”

कोणी हसलं नाही. कोणी हटकलंही नाही. दोघा-तिघांनी माना हलवल्या, बऱ्याच दिवसांपासून म्हणायचं राहिलेलं कुणीतरी म्हटल्यासारख्या. जीपचा विषय निघाला नाही.

मुख्यसेविकांनी आईला कामावरून काढलं नाही. “खाऊचं मालनबाई बघतील,” त्या म्हणाल्या. “तुम्ही गाणी घ्या, वजनं करा, रजिस्टर भरा.”

पुढची अकरा वर्षं आईनं तेच केलं. खाऊच्या वेळेला ती रजिस्टर घेऊन कोपऱ्यात बसायची. एखादं मूल ताटली घेऊन तिच्याकडे आलं, तर त्याला बोटानं मालनबाई दाखवायची. ताटलीला हात लावायची नाही. बंटी मात्र रोज येऊ लागला, मालनबाईंच्या हातचं खाऊ लागला.

घरात तिनं मला त्या बैठकीबद्दल एक शब्द विचारला नाही. फक्त मी स्वयंपाकघरात कशालाही हात लावला, तांदूळ निवडायला घेतले, भाजी चिरायला बसले, की ती माझ्या हातातून ते काढून घ्यायची. “राहू दे. तू वाच.” वाड्यातल्या बायकांना त्याचं भारी कौतुक. “लेकीला इकडची काडी तिकडं करू देत नाय. शिकवून मोठी करणार.” मी शिकले. मालेगावच्या कॉलेजात शिकवायला लागले. सुट्टीत घरी आले की चहासुद्धा तीच करायची.

२००८ च्या हिवाळ्यात तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. दवाखान्यातून घरी आणल्यावर एका दुपारी मी तिचे पाय चेपत होते. बारा वर्षं घोकलेलं वाक्य शेवटी बोलून टाकलं.

“आई, तेव्हा पाणी मी बदललं नव्हतं.”

“ठावं हाय.”

“माझ्यामुळं तुला...”

“तुझ्यामुळं?” तिनं डोळे उघडले. “मला काय जीभ नव्हती? दाणा आंबला व्हता. फेकून द्यायचं पातेलं, एवढंच काम व्हतं.”

“मग का नाही फेकलंस?”

“बंटी यायचा व्हता. पह्यल्याच दिशी उपाशी धाडला असता, तर पुन्यांदा आला असता का? म्हटलं, आज खाल्लं तर रोज खाईल. धुवून धुवून वास मारला आन् वाढलं. त्यालाच आधी वाढलं.”

तिनं मला वाचवलं, असं मी बारा वर्षं धरून चालले होते. त्या समजुतीत दुःख होतं, पण थोडा आरामही होता. तिनं तोही काढून घेतला.

“मग मला कशालाच हात का लावू देत नव्हतीस?”

“तू खोटं बोललीस म्हणून,” आई म्हणाली. “ते येगळं.”

आठ दिवसांनी ती गेली.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गावातली माणसं आली होती. सुमनबाईही आल्या. आईच्या फोटोला फूल वाहून त्या माझ्याशेजारी सतरंजीवर बसल्या. “भली बाई व्हती,” त्या म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला. ते रडणं खोटं नव्हतं.

मी सगळ्यांबरोबर त्यांच्यापुढेही चहाचा कप ठेवला.

“नको बाई, आज गुरुवार हाय माझा.”

गुरुवारच्या उपासाला चहा चालतो. ते त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं.

मला वाटलं, हीच वेळ. निदान हिला तरी खरं कळू दे. “सुमनबाई, त्या दाण्यांचं पाणी बदलायला आईनं मला सांगितलं होतं. मी बदललं नाही. ती तर तुमच्या सुनेबरोबर दवाखान्यात होती.”

“कसले दाणे?”

“शेंगदाणे. अंगणवाडीतले. बंटीला सलाईन लागलं होतं बघा.”

त्यांनी मनापासून आठवून पाहिलं. कपाळाला आठ्या घातल्या, बोटांवर वर्षंसुद्धा मोजली. “लागलं असंल बाई. लहानपणी लय आजारी पडायचा तो. मला काय ध्यानात नाय.”

आणि त्या धाकट्या नातीबद्दल सांगू लागल्या. जीपमध्ये आईच्या मांडीवर डोकं ठेवून दवाखान्यात गेलेल्या सुनेची ती मुलगी. शाळेत पहिली येते म्हणे.

मी ऐकत होते. बाकीच्या बायकांचे रिकामे कप गोळा करून मी आत ठेवून आले. सुमनबाईंचा मात्र उचलला नाही. त्या अर्धा तास बसल्या, आणि तेवढा वेळ तो भरलेला कप मी त्यांच्यापुढेच राहू दिला.