संध्याकाळचं पाणी

"काकी, चावी द्या इकडं."

अमरदीप पाण्याच्या व्हॉल्व्हच्या चेंबरवर, झाकणावरच उभा होता. प्रेमलाने खांद्यावरची लोखंडी चावी खाली टेकवली. तिच्या छातीला लागेल एवढी उंच. गावाचं पाणी सोडायची चावी. आधी नवरा वापरायचा, तो गेल्यापासून ती.

"खाली उतर आधी. झाकण तापलंय."

"चप्पल आहे पायात."

"मग डोकं तापलं असंल."

अमरदीप हसला नाही. प्रेमलाच्या चुलत दिराचा मुलगा. रत्नागिरीत मोबाईलच्या दुकानात कामाला, आणि यंदा ग्रामपंचायतीत निवडून आलेला. बौद्धवाडीने वाजतगाजत निवडून दिलेला. तेव्हा प्रेमला पण नाचली होती.

"वाडीची मीटिंग झाली," तो म्हणाला. "आपलं संध्याकाळचं पाणी आता मोहल्ल्याला जायचं नाय. आपलं आपल्याला."

"मीटिंगला बायका होत्या?"

"बायका काय..."

"हंडे कोण भरतं? तू?"

तो चिडला.

गोष्ट एवढीच होती. मागे एकदा रोजे ऐन मे महिन्यात आले होते. टाकी अर्धी, सकाळचं पाणी दुपारपर्यंत खलास. मोहल्ल्यातली शरिफाबी रोजा धरून लांबच्या विहिरीवर गेली आणि भरल्या हंड्यासकट कातळावर पडली. त्या वर्षी बौद्धवाडीने विहारात बसून ठरवलं, रमजानभर आपलं संध्याकाळचं पाणी मोहल्ल्याला. आपण विहिरीवर भागवू. पुढच्या वर्षी कुणी परत विचारलं नाही. प्रेमला दर रमजानला तो व्हॉल्व्ह फिरवत राहिली.

"आता रोजे मे महिन्यात येतात काय?" अमरदीप म्हणाला. "अजून उन्हाळा नीट सुरू नाय."

"तहान काय कॅलेंडर बघून लागते रे?"

"काकी, मस्करी नको. आपल्याला कोणी दिलं होतं पाणी? आजोबा सांगायचे ना, विहिरीला हात लावून देत नव्हते. लांब उभं राहायचं, कोणी वरून ओतलं तर ओतलं. आपल्यासाठी कोण उठलं होतं?"

प्रेमला त्याच्याकडे बघतच राहिली. पोरगं शिकलंय, भाषण चांगलं करतं. पण हे वाक्य उलटं कसं धरलं ह्याने?

"म्हणूनच," ती म्हणाली.

"काय म्हणूनच?"

"म्हणूनच माझ्या हातनं कोणाचं पाणी बंद होणार नाय. उतर."

तेवढ्यात शरिफाबी आली. मागे आणखी दोघी, कमरेवर रिकामे हंडे. भांडण नळापर्यंत ऐकू गेलं असणार.

"प्रेमलाबाय, राहूदे गो," शरिफाबी म्हणाली. ओठ सुकलेले. "आमच्यापायी तुमी घरात भांडू नका. आमी भागवू."

"तुमच्यासाठी कोण भांडतंय? मी माझ्यासाठी भांडतेय. तुमी नळावर जावा, पाणी येतंय."

"काकी," अमरदीपने आवाज खाली घेतला, "आज सोडलंत तर उद्यापासून कामावर येऊ नका. मग माझ्या नावानं रडू नका."

प्रेमलाने एका हाताने त्याला बाजूला केलं. तो लहान असताना चुलीपासून करायची तसंच. झाकण सरकवलं, चावी आत घातली आणि सगळं अंग टाकून फिरवली. पाइपात आधी नुसती हवा खोकली. मग खालून, मोहल्ल्याच्या बाजूने, बायकांचा गलका आला.

तिने चावी उपसून अमरदीपच्या हातात दिली.

"घे. आता पाणी सोडणारा तू. बंद करायचं तर आत्ताच कर. त्या बायका बघतायत, त्यांच्यादेखत कर."

अमरदीपने चावी धरली. वजन त्याला माहीत नव्हतं, हात खाली गेला. शरिफाबी अजून तिथेच होती, त्याच्याकडे बघत. राग नव्हता तिच्या नजरेत, नुसती वाट बघत होती. तो व्हॉल्व्हकडे वाकला. मग सरळ झाला.

"उद्यापासून," तो पुटपुटला.

"उद्याचं उद्या," प्रेमला म्हणाली आणि निघाली.

उद्या तिच्याकडे काम नव्हतं. हे तिला वाटेत कळलं, उतारावर, हात मोकळे हलायला लागले तेव्हा. चालायचं कसं हेच क्षणभर सुचेना. पण मागे वळून तिने बघितलं नाही.

घरून कळशी घेऊन ती विहिरीवर आली. शेजारची चिमा आधीच तिथे होती, दोर हातात, तोंड चालू.

"तुझ्या दानधर्मापायी माझी कंबर गेली गो, प्रेमले."

"मग नको ओढू. घरी जा."

"आणि तू एकटी ओढणार? सरक तिकडं. मोठी आली."

दोघींनी दोर धरला. पाणी बरंच खाली होतं. पलीकडे मोहल्ल्यात अजान सुरू झाली, नळ अजून वाहत असल्याचा आवाज वाऱ्यावर येत होता. त्या दोघी थांबल्या नाहीत. ओढत राहिल्या.