हार्दिक शाकाहारी

मंगरूळपीरच्या त्या घराच्या गेटवर पाटी होती: ‘वरचा मजला भाड्याने देणे आहे. फक्त शाकाहारी कुटुंबासाठी.’ अक्षर मोठं वळणदार होतं, कारण घरमालक दौलतराव निवृत्त मुख्याध्यापक होते. वळणदार अक्षरात लिहिलं की वाकडी गोष्टही सरळ दिसते, एवढं ते आयुष्यभराच्या नोकरीत शिकले होते.

पाटीचा अर्थ साक्षीला पहिल्या नजरेत कळला. ती तहसील कचेरीत कारकून, गाव किन्हीराजा. रोज दोन एसट्या बदलून यायची आणि आता पाचवा महिना लागला होता. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, बसचे हादरे बंद करा, नाहीतर नोकरीवरून रजा घेऊन घरी बसा. म्हणजे मंगरूळात खोली मिळणं भागच होतं. तीन घरं आधीच पाहून झाली होती. पहिल्या घरी आडनाव आणि गाव सांगितलं, तर मालकाला एकाएकी आठवलं की पोरगा पुण्याहून कायमचा परत येतोय. दुसऱ्या घरी रंगकाम निघालं. तिसऱ्या घरची बाई म्हणाली, “आमच्या घरी देव हायेत.” जशी काही साक्षी देव्हाऱ्यातच गादी टाकणार होती.

दौलतरावांनी नाही म्हटलं नाही, कारण त्यांना नाही म्हणायला काही सापडत नव्हतं. आडनाव वानखडे. वऱ्हाडात वानखडे कोणत्याही जातीत सापडतात, नुसत्या आडनावावरून पत्ता लागत नाही.

“कोनते वानखडे?” त्यांनी विचारलं होतं.

“किन्हीराजाचे,” साक्षी म्हणाली.

“ते झालं, म्याडम. पन कोनते?”

“किन्हीराजा एकच आहे, काका.”

साक्षीचा नवरा नरेंद्र शेजारी उभा राहून चपलेचा अंगठा पाहत होता. तो वाशीमला एका खाजगी कॉलेजात शिकवायचा. समोर भांडण दिसलं की हा माणूस पलीकडच्या फुटपाथवर जातो, आणि फुटपाथ नसला तर नालीतून जातो. दौलतरावांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, “आठ दिवस राहून पाहा. मंग पक्का कागद करू.”

हे आठ दिवस कशाला, ते दुसऱ्याच दिवशी उघड झालं. स्वयंपाकाच्या वेळी दौलतरावांच्या पत्नी प्रयागबाई कढीपत्ता मागायला वर आल्या. कढीपत्त्याचं झाड त्यांच्याच अंगणात होतं. ताकाला जाऊन भांडं लपवणारे लोक असतात, या बाई ताकाला येऊन दुसऱ्याची भांडी उघडून पाहत होत्या. झाकण उचलायचं, वास घ्यायचा, आणि झाकण ठेवता ठेवता विचारायचं, “माहेर कुठलं? लग्न कोन्या पद्धतीनं झालं? गावात घर कोनीकडं हाय?”

“शाळेजवळ,” साक्षी म्हणायची.

“शायेच्या अलीकडं का पलीकडं?”

कोणाचा फोटो लावलाय ते भिंतीवर पाहावं तर बियाण्याच्या कंपनीचं कॅलेंडर. त्यावर जाती होत्या, पण त्या सोयाबीनच्या.

शेवटी शनिवारी खुद्द दौलतराव जिन्यात भेटले. त्यांच्या समाजाच्या वधू-वर मेळाव्याचे ते उपाध्यक्ष, आणि त्या मंडळात त्यांच्या नाकाची मोठी ख्याती होती. नुसत्या फोडणीच्या वासावरून घर कोणाचं ते सांगतो, असं ते स्वतःच सांगत, आणि उपाध्यक्ष असल्यामुळे बाकीचे माना हलवत. ते म्हणाले, “उद्या रविवार. दुपारी तुमच्या हातचं जेवू आन तिथंच सही करू.”

आता रांधायचं काय? नरेंद्रच्या तोंडचं पाणी पळालं. वरण-बट्टी केली तर वरणाच्या फोडणीवरून बोलतील. पातोडीचा रस्सा केला तर रश्श्याच्या रंगावरून. पुरणपोळी केली तर म्हणतील, आमच्यात असं पुरण नसते. प्रत्येक पदार्थ तोंड उघडून चुगली करायला तयार. साक्षी मोबाईल घेऊन बसली. तिला असा पदार्थ हवा होता ज्याचं वऱ्हाडात कोणाशी नातं नाही, सोयरीक नाही, भाऊबंदकी नाही. एका परदेशी पानावर तो सापडला. पान इंग्रजीत होतं, मोबाईलनं आपण होऊन त्याचं मराठी केलं, आणि वर ठळक अक्षरात आलं: ‘हार्दिक शाकाहारी एंचिलाडा’.

“हार्दिक शाकाहारी?” नरेंद्र म्हणाला. “हे तं वाढदिवसाच्या फ्लेक्ससारखं वाटून राह्यलं.”

“बरोबर हाय नं मंग,” साक्षी म्हणाली. “साधा शाकाहारी त्यायले पुरत नाई. मनापासून, हृदयापासून शाकाहारी पाह्यजे. हेच करू.”

इंग्रजीतलं ‘हार्टी’, म्हणजे पोटभरीचा, असं म्हणायचं होतं त्या पानाला. पण मोबाईलला घरमालक बरोबर कळला होता.

रविवारी सकाळी राजमा शिजला. मक्याचे दाणे, कांदा, शिमला मिरची, लाल भोपळा, सगळं परतून त्यात पडलं. सुक्या लाल मिरच्या भिजवून टमाटे, लसूण आणि जिऱ्यासोबत वाटल्या, आणि त्या वाटणाचा दाट सॉस शिजवला. मक्याच्या पिठाच्या पातळ पोळ्या केल्या तर त्या वळेनात. गुंडाळी करायला जावं की मधोमध तडकायच्या. चार मोडल्या तेव्हा साक्षीनं पिठात अर्धी कणीक मिसळली, पोळी गरम सॉसमध्ये बुडवून मऊ केली, मग सारण भरून गुंडाळली. ओव्हन नव्हता. जाड बुडाच्या कढईत गुंडाळ्या दाटीनं लावल्या, वरून उरलेला सॉस ओतला, किसलेलं चीज पसरलं, खाली तवा ठेवून मंद गॅसवर झाकण मारलं.

सारण परतताना सवयीनं तिचा हात फळीवरच्या डब्याकडे गेला होता. नरेंद्रनं मनगट धरलं.

“तुह्या मायचा मसाला घालू नको. त्याच्यानं समजते.”

आणि त्यानं तो डबा उचलून पलंगाखाली सरकवला, पोलिसांची धाड पडणार असल्यासारखा. साक्षीला रडू आलं नाही, संताप आला. तिच्या आईनं उन्हात बसून, खोकून खोकून, शिंकून शिंकून केलेला तो मसाला, आणि त्याला तोंड लपवायची पाळी यावी? पण पोटातलं पोर हललं, एसटीचे हादरे आठवले, आणि तिनं मीठ टाकून झाकण ठेवलं.

बाराच्या ठोक्याला दौलतराव आणि प्रयागबाई वर आले. दौलतरावांनी खिशातून भाडेकराराचा स्टॅम्प पेपर काढून ताटाच्या बाजूला ठेवला. खाली दोन सह्या व्हायच्या होत्या.

“हे काय म्हनलं तुमी?” प्रयागबाईंनी ताटात वाकून विचारलं. “लाडू?”

“लाडू नाही, काकू. एंचिलाडा. मेक्सिको देशातला पदार्थ आहे.”

दौलतरावांनी ते ख्यातनाम नाक ताटावर आणलं. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. मिरचीचा वास आला, चीजचा आला. फोडणीच नव्हती, तर नाक बिचारं करणार काय? त्यांनी पहिला घास खाल्ला. दुसरा एंचिलाडा संपला तेव्हा कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर सुख.

“मेक्सिकोत लोकं कोन असतात?” प्रयागबाईंनी विचारलं.

“मेक्सिकन, काकू.”

“ते झालं. पन त्यायच्यात कोन?”

“चूप बस नं,” दौलतराव म्हणाले आणि तिसरा घेतला. चौथा घेताना त्यांनी साक्षीला पहिल्यांदा ‘पोरी’ म्हटलं. पाचव्याला त्यांची जीभ पार सैल झाली.

“पोरी, एक सांगू? सगळं फस्टक्लास हाय. फक्त याच्यात मटनाचा खिमा भरला असता नं…”

प्रयागबाईंनी कोपर मारलं, पण शब्द निघून गेला होता. नरेंद्र कॅलेंडरवरच्या सोयाबीनच्या जाती वाचू लागला.

“तुम्ही खाता, काका?” साक्षीनं विचारलं.

“घरात नाई. रविवारी धाब्यावर, मित्रायसंगं. आज तुमच्यासाठी सोडलं.”

“मग गेटवर शाकाहारीची पाटी?”

दौलतराव मायेनं हसले. पाचवीच्या पोराला सोपं गणित समजावतात तसं हसले. “पाटी मटनासाठी थोडीच हाय? सरळ जात लिवली तं बोंबाबोंब होते. मनून शाकाहारी लिवा लागते. ज्याले समजाचं त्याले बरोबर समजते. तुमी आपलेच निघाले, मनून सांगून राह्यलो.”

“आपलेच कशावरून?”

“आता सांग, असं साफसुथरं, असं चवीचं त्या लोकायच्या घरी बनते काय?” त्यांनी सहावा एंचिलाडा उचलला, मोठा तुकडा तोंडात टाकला आणि डाव्या हातानं कागद पुढं ओढला. “पेन आना, सर.”

नरेंद्रनं पेन काढलं. त्यानं बायकोकडे पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत एकच विनवणी होती: सही होऊ दे, मग काय बोलायचं ते बोल. साक्षीला ती विनवणी कळत होती. पाच मिनिटं गप्प बसलं की घर मिळत होतं. आठ दिवस ती गप्पच होती, पुस्तकातल्यासारखं मोजूनमापून बोलत होती, आईच्या मसाल्यालाही तिनं गप्प बसवलं होतं. पण या माणसानं तिच्याच हातचा पाचावर सहावा खात तिच्याच आईच्या चुलीला नावं ठेवावी, हे तिला गिळवेना. तिनं पुस्तकी बोली सोडून दिली.

“काका, तुमी आठ दिवसापासून इचारून राह्यले, कोनते वानखडे. आमी बौद्ध आहो.”

घास दौलतरावांच्या तोंडात होता. गिळावा तर पंचाईत, थुंकावा तर त्याहून मोठी पंचाईत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. गाल फुगलेले, डोळे वटारलेले, असा तो निवृत्त मुख्याध्यापक बराच वेळ बसून राहिला. प्रयागबाईंनी आपल्या रिकाम्या ताटाकडे असं पाहिलं, जणू ताटानंच त्यांना फसवलं. शेवटी दौलतरावांनी घास गिळला. चव फारच चांगली होती.

“आमी तसं काई मानत नाई, म्याडम,” ते म्हणाले. ‘पोरी’ गेली, ‘म्याडम’ परत आली. कागदाची घडी झाली. “फक्त या कागदात शुद्धलेखनाच्या चुका दिसून राह्यल्या. नवा करून आनतो. मंग पाहू.”

ते हात धुऊन दारापर्यंत गेले आणि थांबले. प्रयागबाई खाली उतरल्या होत्या. दौलतरावांचा आवाज एकदम खाली आला.

“म्याडम, एक इनंती हाय. मी वरतं जेवलो ते कोनापाशी बोलू नका. काल आमच्या मेळाव्याच्या मंडयात मी सांगून बसलो, उद्या ताटावरून वयखून दाखवतो मनून. आता लोकं इचारतीन. लय हसतीन.”

साक्षीनं शांतपणे विचार केला. कीव यावी असाच चेहरा होता समोर, पण तिला कीव आली नाही.

“मी कायले सांगीन, काका? घरातली गोष्ट घरातच राह्यते. पन त्याच्यासाठी मले या घरात राहा लागन नं? किन्हीराजाहून येनंजानं केलं तं वाटेत दोन एसट्या लागतात, मानसं लागतात. गप्पा होतात. तहसीलात तं रोज शंभर लोकं येतात.”

जन्मभर दुसऱ्यांना अंगठे धरायला लावणाऱ्या त्या गृहस्थानं मग मुकाट्यानं खिशात हात घातला, घडी उलगडली, नरेंद्रच्या हातातलं पेन घेतलं आणि दाराच्या चौकटीवर कागद टेकवून सही केली. शुद्धलेखनाच्या चुका त्या क्षणी आपोआप दुरुस्त झाल्या असाव्यात. साक्षीनंही सही केली आणि कागद आपल्या पर्समध्ये टाकला. घर मिळालं याचा तिला आनंद झाला. चोराच्या वाटेनं मिळालं याचा रागही आला, आणि तो राग बरेच दिवस जाणार नाही हे तिला माहीत होतं.

दोन पायऱ्या उतरून दौलतराव पुन्हा वळले.

“खाली कोनी इचारलं तं नुसतं वानखडे सांगा. कोनते ते नका सांगू.”

“इचारलं तं सांगीन, काका,” साक्षी म्हणाली. “आन तुमी सहा खाल्ले, तेबी सांगीन. तवा कोनी इचारनार नाई, हे आता तुमी पाहा.”