तातेराव गुरुजींनी भरलेला फॉर्म

भोकरदनचे तातेराव गुरुजी फॉर्म भरण्यात पटाईत. जनगणना असो की मतदार यादी, घरातल्या कर्त्या माणसाला विचारायचं आणि सगळ्या घराची माहिती लिहून मोकळं व्हायचं, ही त्यांची तीस वर्षांची सवय. बाईबद्दल बाईलाच विचारायची त्यांना कधी गरज पडली नाही. तुम्हीआम्ही तरी कुठे विचारतो?

बायको मालनबाईंना पित्ताशयात खडे निघाले, तेव्हा गुरुजी त्यांना जालन्याच्या दवाखान्यात घेऊन आले. तिथे नवीन सोय झाली होती. सोनोग्राफी आणि रुग्णाची माहिती दिली की कृत्रिम बुद्धिमत्ता ऑपरेशन किती अवघड जाईल ते सांगे. अवघड असेल तर संभाजीनगरहून मोठे सर्जन बोलवायचे आणि रक्त आधीच आणून ठेवायचं. सोपं असेल तर ही धावपळ नको.

"याआधी कधी असं दुखलं होतं का?" डॉक्टर अर्पितांनी मालनबाईंना विचारलं.

मालनबाई तोंड उघडणार, तोच गुरुजी म्हणाले, "न्हाई मॅडम, पहिलाच टाइम हाय. ताप न्हाई, उलटी न्हाई. द्या इकडं, मीच भरतो सगळं बराबर."

वळणदार अक्षरात नऊ वेळा 'नाही' लिहून झालं. माहिती संगणकात गेली आणि उत्तर आलं : सोपं. गुरुजी खूश झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालनबाईंना आत नेलं. पाऊण तासाचं काम, पण दोन तास उलटले. मग डॉक्टर अर्पिता बाहेर आल्या, घामाने भिजलेल्या.

"पित्ताशय आतड्याला घट्ट चिकटलंय. रक्त थांबत नाहीये. मोठे सर निघालेत, पण त्यांना यायला दीड तास लागेल. खरं सांगा, याआधी किती वेळा दुखलं होतं?"

"एकदाबी न्हाई!"

"पप्पा!" मुलगी सुमेधा किंचाळली. ती सकाळीच अंबडहून, सासरहून आली होती. "दिवाळीपासून चार वेळा दुखलं तिचं! तापानं फणफणली होती. ओवा खाऊन पडायची अन् तुम्ही शाळेतून यायच्या आत उठून भाकरी टाकायची. मला फोनवर सांगत व्हती."

"मंग मला का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही कधी विचारलं?"

डॉक्टर म्हणाल्या, "गुरुजी, सोनोग्राफीत थोडी सूज होती. पण आधी काही त्रास नाही म्हटल्यावर यंत्राने ती मनावर घेतली नाही. त्याला आपण सांगू तेवढंच कळतं. आणि मी? समोर बसलेल्या बाईला सोडून तुमचं ऐकलं. मीही तेवढीच दोषी आहे!" त्या आत धावल्या.

इतक्यात कौसल्या सिस्टर आल्या. "यांना आधी कुठलं इंजेक्शन बाधलं होतं का?"

गुरुजींनी सवयीने तोंड उघडलं. 'नाही' ओठावर आलं होतं. पण ते हमसून हमसून रडू लागले. "मला ठाऊक न्हाई, सिस्टर! तीस वर्षं संसार केला, मला तिचं काहीच ठाऊक न्हाई! सुमेधा, तू सांग. जल्दी सांग!"

ऑपरेशन सहा तास चाललं. मालनबाई वाचल्या, पण जेमतेम. तिसऱ्या दिवशी त्या अतिदक्षता विभागातच होत्या, नाकात नळी, अंगात त्राण नाही. डॉक्टरांनी वाकून विचारलं, "कुठे दुखतंय, मालनबाई?"

मालनबाईंनी गुरुजींकडे पाहिलं. "तुम्हीच सांगा की," त्या पुटपुटल्या.

गुरुजींनी बायकोचा हात धरला.

"न्हाई मालन. तूच सांग. मी ऐकून राह्यलो."

वाचकहो, यंत्रं येतील, आणखी हुशार होतील. ती यायलाच हवीत. पण घरातल्या बाईच्या दुखण्यापुढे आपणच 'नाही' लिहीत राहिलो, तर जगातलं कुठलंही यंत्र तिला वाचवणार नाही. ज्याचं दुखणं, त्यालाच बोलू द्या!