पाहुणा उठेना

"ए लाझार! आतला पंखा बाहेरपर्यंत ऐकू येतोय! उघड दार!"

वेलिमिरने दारावर अशी थाप मारली की वर लावलेली बास्केटबॉल क्लबची पाटी तिरकी झाली. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग सगळं चिडीचूप. शेवटी ऑफिसातल्या मिलिकाबाईंनी दार बोटभर उघडलं.

"साहेब नाहीत हो. बेलग्रेडला गेलेत."

"असं? आणि अत्तर काय इथंच ठेवून गेले?"

बाईंनी दार लावून घेतलं. वेलिमिर जिना उतरून खाली आला, आपली जुनी खटारा गाडी सुरू केली आणि लाझारच्या चकचकीत गाडीच्या बुडाला नेऊन टेकवली. लाझारच्या गाडीपुढे भिंत, मागे वेलिमिर. आता जा म्हणावं कुठे जातोस ते. तो बॉनेटवर बसला, खिशातून सूर्यफुलाच्या बिया काढल्या आणि एकेक फोडत टरफलं लाझारच्या काचेवर उडवायला लागला. सव्वासहा फुटांच्याही वर गेलेला, सदतिशीचा, दोन्ही गुडघ्यांवर ऑपरेशनची शिवण असलेला माणूस. येणारी जाणारी माणसं हसून हात करत होती आणि तो आतल्या आत उकळत होता.

बऱ्याच वेळाने झिका आला. झिका म्हणजे क्लबचा मालिशवाला. हसून हसून त्याचं पोट दुखत होतं.

"घरी जा, वेल्या. उडाला तुझा पक्षी."

"कुठून? दार तर हे एकच."

"खेळाडूंच्या न्हाणीघराच्या खिडकीतून. पँट अडकली, फाटली, तरी गेला. पलीकडे टॅक्सी उभी होती."

वेलिमिरने बियांची पुडी जमिनीवर आपटली. तीन आठवडे हेच चाललं होतं. फोन केला की मीटिंग. निरोप ठेवला की प्रवास. मे महिन्यात हंगाम संपला तेव्हा संघ खालच्या गटात घसरता घसरता वाचला होता, आणि संघ सुधारायचा म्हणून क्लबने हा लाझार मॅनेजर म्हणून आणला होता. उन्हाळा म्हणजे खेळाडू आणायचे आणि खेळाडू काढायचे दिवस. कोण येणार, कोण जाणार, हे गावात भाजीवालीपासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. वेलिमिरला स्वतःची बातमी न्हाव्याने दिली होती. गालाला फेस, गळ्यावर वस्तरा, आणि न्हावी म्हणतो, "तुझ्या जागी अमेरिकन येतोय म्हणे!" वेलिमिर तसाच अर्धी दाढी घेऊन उठला होता.

"मी काय म्हणतो," वेलिमिर झिकावरच ओरडला, "आणा ना अमेरिकन! बास्केटखाली उंच, तरणा गडी पाहिजेच. मी स्वतः कोचला सांगितलंय हिवाळ्यात, की बाबा, हे पोरगे माझ्या डोक्यावरून चेंडू टाकतात, मला उडी मारवत नाही आता. पण मला सांगाल की नाही? सोळा वर्षं या क्लबात माझे गुडघे झिजले. एक वाक्य! 'वेलिमिर, तू नको.' एवढं बोलायला जीभ झडते त्याची?"

"सांगेल. पेत्रोव्दानला सांगेल बघ."

"पेत्रोव्दानला माझ्या घरी स्लावा असते."

"म्हणूनच. तुझ्या घरी येऊन सांगेल."

"हिंमत नाही त्याची."

"हिंमत नाही, म्हणूनच तर तिथे सांगेल," झिका म्हणाला.

वेलिमिरने जमिनीवरची पुडी उचलली. साला खरं बोलत होता.

स्लावा म्हणजे घराण्याच्या संताचा दिवस. वेलिमिरच्या घराण्याची ती जुलैत, पेत्रोव्दानच्या सणाला. त्या दिवशी कुणाला बोलावणं धाडत नाहीत. ज्याला यायचं तो येतो, आणि जो आला तो पाहुणा. पाहुण्याला घालवायचं नाही, त्याचा ग्लास रिकामा ठेवायचा नाही, त्याच्यावर आवाज चढवायचा नाही. आणि घरधन्याने दिवसभर बसायचं नाही. उभ्याने वाढायचं. वेलिमिरचा बाप पाठीचा मणका सरकलेला असतानाही उभ्याने वाढत राहिला होता.

पेत्रोव्दानच्या सकाळी दारिंकाने नवऱ्याच्या शर्टाची कॉलर नीट करता करता त्याला दम भरला.

"तो आला तर तू हसायचं."

"हसेन."

"दात दाखवून नाही. माणसासारखं."

दुपारी अंगणातल्या मांडवाखाली टेबलं भरली. सूप फिरलं, कोबीच्या पानात खिमा गुंडाळलेला सारमा फिरला, डुक्कर भाजून आलं. आणि फाटकातून लाझार आत आला. पांढरा सूट, हातात वाईन, तोंडभर हसू. त्याच्या मागून वाकून, मांडवाला डोकं लागू नये म्हणून आणखी वाकून, एक काळा पोरगा आत शिरला. एवढा उंच की वेलिमिरला मैदानाबाहेर कित्येक वर्षांनी कुणाकडे तरी मान वर करून बघावं लागलं.

"स्लावा शुभ होवो, घरधनी!" लाझारने मिठी मारून तीनदा गाल लावले. "हा डेस्मंड. म्हटलं, पोरगं परदेशात एकटं आहे, त्याला खरी स्लावा दाखवावी."

"या ना," वेलिमिर म्हणाला. दारिंका बघत होती. तो माणसासारखा हसला.

त्याने दोघांपुढे गोड गव्हाचं ताट धरलं. पहिला चमचा याचाच घ्यायचा असतो. डेस्मंडने घेतला, डोळे मिटले, आणि दुसरा चमचा घेऊ का असं खुणेने विचारलं. बायका हसल्या. वेलिमिरला त्याचा राग यावा असं फार वाटत होतं, पण येईना. सगळा राग पांढऱ्या सुटाकडेच वळत होता.

टेबलावर विषय कोणता निघणार? तोच.

"दोन नेमबाज पाहिजेत," शेजारचा सुतार म्हणाला. "आमचे पोरगे तीन पॉइंटचं टाकतात आणि चेंडू नदीत पडतो."

"नेमबाज सोड, चेंडू कोण आणणार वर? आपला तो आणणारा आधी तीनदा स्वतःच्याच पायावर आपटतो."

"म्हातारे काढा आधी!" कुणीतरी म्हणालं आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपल्या ग्लासात राकिया, ती फळांची कडक दारू, कोण ओततंय. "म्हणजे... तू नाही रे, वेल्या."

"मग कोण? माझा आजा?" वेलिमिर म्हणाला. सगळे खदखदून हसले. त्याने त्या माणसाचा ग्लास काठोकाठ भरला, थोडा मांडीवरही सांडला.

तेवढ्यात लाझार चमचा ग्लासावर वाजवत उभा राहिला.

"मित्रांनो! क्लबला नवं रूप देतोय आम्ही. आणि त्यात आपल्या वेलिमिरला खास जागा. आजपासून वेलिमिर क्लबचा सन्माननीय राजदूत!"

टाळ्या पडल्या. राजदूत. म्हणजे सामन्याला कोट घालून दारात उभं राहायचं आणि पाहुण्यांना खुर्च्या दाखवायच्या. वेलिमिरच्या हातातल्या परातीवरचे ग्लास किणकिणायला लागले. दारिंकाने पुढे होऊन परात काढून घेतली, म्हणून वाचले.

तो लाझारच्या खुर्चीमागे गेला आणि कानाशी वाकला.

"नवीन हंगामात मी खेळणार की नाही?"

"अरे, आज सणासुदीला कसलं ते..."

"हो की नाही?"

"वेल्या, पाहुणा आहे मी तुझा."

"आहेस ना. म्हणून तर दात शाबूत आहेत तुझे." वेलिमिरने प्रेमाने त्याच्या खांद्यावर पंजा ठेवला आणि हलकेच दाबला. "निघताना सांग हं. पाहुण्याला फाटकापर्यंत सोडायची रीत आहे. मी फाटकाच्या एक पाऊल बाहेरपर्यंत येईन. तिथे तू कुणाचा पाहुणा नाहीस."

लाझारचा चेहरा सुटासारखाच पांढरा पडला. फाटक केवढंसं दूर होतं. त्याने एकदा फाटकाकडे पाहिलं, एकदा वेलिमिरच्या हातांकडे, आणि मग दारिंकाला म्हणाला, "वहिनी, सारमा फारच छान झालाय. आणखी आहे का?"

इथून पुढे जे झालं ते गावात पुढची कित्येक वर्षं सांगितलं गेलं. पाहुणा उठेना. पाहुणा उठत नाही तोवर घरधन्याला वाढणं थांबवता येईना. वेलिमिर सारमा आणून वाढायचा, लाझार गिळायचा. डुकराचा तुकडा यायचा, लाझार चावायचा. "घे, घे, लाजू नकोस," असं वेलिमिर दात खाऊन म्हणायचा, आणि पाहुण्याचा ग्लास रिकामा ठेवायचा नाही म्हणून राकिया ओतत राहायचा. लाझारच्या कपाळावरून घाम ओघळायला लागला. सुटाची वरची दोन बटणं सुटली. झिका पलीकडच्या टेबलावरून डोळे मिचकावत होता, त्याला आयुष्यात एवढी मजा कधी आली नव्हती.

मजा वेलिमिरला येत नव्हती. त्याचे गुडघे सुजून पँटीत ठणकत होते. दर खेपेला स्वयंपाकघराच्या तीन पायऱ्या चढताना त्याला कळत होतं, की हा साला बसून बसून मलाच संपवणार. आणि तेही ते एक वाक्य न बोलता.

डेस्मंड मघापासून हे बघत होता. तो उठला, आपली खुर्ची ओढून आणली, वेलिमिरमागे ठेवली आणि 'बसा' अशी खूण केली. 

"नको, बाळा," दारिंका म्हणाली, "घरधनी बसत नसतो." झिकाने आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत ते समजावलं. डेस्मंडने मान हलवली, पण खुर्ची काढली नाही. वेलिमिरच्या गुडघ्यांकडे बोट करून त्याने काहीतरी विचारलं.

"विचारतोय, खेळत होतास का? कुठल्या जागी?" झिका म्हणाला.

"सांग त्याला. त्याच्याच जागी. अजून खेळतोय."

झिकाने सांगितलं. डेस्मंडने खुर्चीच्या पाठीवरचा हात काढला.  मग लाझारकडे वळून एकच वाक्य म्हणाला, हळू आवाजात.

"काय म्हणतोय?" सुताराने विचारलं.

झिका तर याचीच वाट बघत होता. तो उभा राहिला आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाला, "म्हणतोय, 'तू मला त्याच्या घरी जेवायला आणलंस, आणि त्याला सांगितलं नाहीस?'"

कुणी हसलं नाही. सुताराने टोपी काढून मांडीवर ठेवली. लाझारने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. दारिंकाही आता हसत नव्हती. ती आत गेली, रितीप्रमाणे केकचा पुडा बांधून आणला आणि लाझारच्या हातात दिला.

"बायकोला दे," ती म्हणाली. एवढंच.

लाझार उठला. पोट धरून, पुडा छातीशी कवटाळून तो फाटकाकडे निघाला. मागून वेलिमिर, लंगडत. कुठलाही पाहुणा जागचा हलला नाही, पण प्रत्येक मान फाटकाकडे वळली.

लाझार बाहेर पडला. वेलिमिरने एक पाऊल बाहेर टाकलं.

"बोल."

"वेल्या, समजून घे, क्लबचं बोर्ड..."

"बोर्ड इथे नाही. बोल."

लाझारच्या मिशीला सारम्याचा रस लागला होता. त्याने डोळे खाली घातले. "आम्हाला तू नकोयस. म्हातारा झालास."

"ऐकू आलं नाही."

"तू नकोयस आम्हाला! संपलं तुझं!" लाझार ओरडला, रडवेला होऊन ओरडला, आणि समोरच्या घरातली कुत्री भुंकायला लागली.

झालं. वेलिमिरला वाटलं होतं, हे ऐकल्यावर छातीवरचं ओझं उतरेल. कसलं उतरतंय! उलट राग असा वर आला की कानात गुणगुण सुरू झाली. तीन आठवडे रात्रंदिवस त्याने शिव्या जमवल्या होत्या. लाझारच्या आईपासून सुरू होऊन त्याच्या न जन्मलेल्या नातवंडांपर्यंत जाणाऱ्या, एकाहून एक सरस. त्याने छाती भरून श्वास घेतला. त्याचा फावड्याएवढा पंजा वर गेला. लाझारने पुडा तोंडासमोर धरला.

"स्लावा शुभ होवो, घरधनी!"

रस्त्याच्या वळणावरून बोश्कोकाका येत होते. पलीकडच्या खेड्यातून पायी आलेले, धुळीने भरलेले बूट, डोक्यावर लग्नातली टोपी, एका हातात घरच्या राकियाची बाटली, दुसऱ्यात कागदात गुंडाळलेली फुलं. गावात सामना असला की ते असेच चालत यायचे आणि सगळ्यात वरच्या पायरीवर बसायचे. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. ते सरळ दोघांच्या मध्येच येऊन उभे राहिले.

वेलिमिरचा हात हवेत होता. तो तसाच खाली आला, काकांच्या खांद्यावर. त्याने वाकून काकांना तीनदा गाल लावले. मागे लाझारच्या गाडीचं दार लागलं, इंजिन दोनदा खोकून सुरू झालं आणि गाडी धूळ उडवत निघून गेली.

"काय रे, लाल झालायस नुसता. चढली का?" काका म्हणाले. "बरं, ते राहू दे. आधी मला सांग, यंदा बास्केटखाली कोण उभं राहणार आपलं? ढीगभर ऐकलंय मी, पण तुझ्या तोंडून ऐकायचंय."

वेलिमिरने रस्त्याकडे बघितलं. धूळ अजून खाली बसली नव्हती. सगळ्या शिव्या तशाच शिल्लक होत्या, आणि आता त्या ऐकायला कुणी उरलं नव्हतं.

"डेस्मंड," तो म्हणाला. "डेस्मंड नाव आहे त्याचं. आतच बसलाय. चला, ओळख करून देतो."

आणि त्याने काकांसाठी फाटक धरून ठेवलं.