मधाचं बोट

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचासमोर एक बाई घामाने निथळत, डोळे फिरवत आपल्या सुनेला शिव्या घालत होती. "भवाने, माझं घर गिळलंस!" लोक एकमेकांना कोपराने ढोसत म्हणत होते, "भूत बोलतंय, भूत!" मी अ‍ॅम्ब्युलन्सवर काम करते. आमचा ड्रायव्हर, ज्याला सगळे हॉर्नमास्तर म्हणतात, आणि मी स्ट्रेचर घेऊन गर्दीतून कसेबसे पुढे पोचलो आणि मला तिचा चेहरा दिसला. ती बाई माझी काकू होती. आई गेल्यावर जिने मला वाढवलं, ती. आणि आम्हाला फोन करणारी होती वहिनी, म्हणजे जिला शिव्या पडत होत्या ती सून.

"या, या, दवाखानेवाले!" मंचावरून महाराज ओरडले. हातात मधाची वाटी. "लावा तुमचं यंत्र! भुताची साखर मोजा!"

लोक खो खो हसले. मला राग आला, आणि रागात माणूस घाई करतो. काकूला मधुमेह आहे हे मला ठाऊक होतं. तिचा हात धरला, बोटाला टोचलं, रक्ताचा थेंब यंत्राच्या पट्टीला लावला. आकडा आला साडेचारशे.

"साखर भयंकर वाढलीय, लगेच न्यायला हवं!" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. हुशारी दाखवायची होती ना!

"ऐकलंत?" महाराजांना तेच हवं होतं. "साखर वाढलीय म्हणे! मग मी आणखी मधच चाटवतो. बघूच, यंत्र खरं की मध खरा!"

मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी बोटभर मध काकूच्या गालाच्या आत चोळला. आम्ही तिला स्ट्रेचरवर घेतलं तर लोकांनी वाट अडवली. हमरीतुमरी झाली. ती चालू असतानाच काकूचा घाम ओसरला, शिव्या थांबल्या, आणि ती म्हणाली, "मी कुठंय गं? हे कशाला बांधलंय मला?"

टाळ्यांनी छत दणाणलं. महाराजांनी हात उंचावले. "इन्शुलिनच्या सुईनेच भूत घरात आणलं! आजपासून सुई बंद! रोज तीन बोटं मध!"

काकांनी पिशवीतून काकूचं इन्शुलिन काढलं आणि महाराजांच्या पायाशी ठेवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरी, एवढी शिकलीस आणि मोठा उजेड पाडलास." काकू आमच्याबरोबर यायला तयार होईना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रिकामं स्ट्रेचर घेऊन बाहेर आलो. हातमोजे काढायला गेले, तर अंगठा पट्ट्यांच्या डबीला चिकटला. वास घेतला. मध. म्हणजे महाराजांनी आधीच काकूच्या तळहातांना मध फासलेला होता, आणि मी तिचं बोट न धुताच टोचलं होतं. मी रक्तातली साखर मोजलीच नव्हती, मी मध मोजला होता! आधी बोट धुवा, पुसा, मग टोचा, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात.

हॉर्नमास्तरला सांगितलं. तो हळूच म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची, ताई. कोणाला कळणारेय? चल."

खरं होतं. कोणालाच कळलं नसतं. पण सुई बंद झाली असती तर काकू थोड्याच दिवसांत दगावली असती.

मी परत आत गेले. "माझी चूक झाली," मी ओरडून सांगितलं. "मघाचा आकडा खोटा होता." काकूचं बोट पाण्याने धुतलं, पुसलं, टोचलं. साठ. म्हणजे मध चाटूनही साखर अजून कमीच. मग वहिनीचं बोट धुऊन मोजलं, शंभरच्या आत. तेच बोट मधात बुडवून मोजलं, तर यंत्र साडेचारशेच्याही वर.

"यंत्र बिघडलंय!" महाराज म्हणाले.

"मग तुमचं बोट द्या. मध लावून बघू, तुमच्यात भूत शिरतं का."

"संताचं रक्त काढतेस?" म्हणत त्यांनी हात शालीत लपवला. मागून कोणीतरी फिसकन हसलं.

"काकू, सकाळी सुई घेतलीस?"

"घेतली की."

"आणि खाल्लंस काय?"

"काही नाही. महाराजांच्या माणसाने दारातच विचारलं, सुई घेता का? हो म्हटलं, तर म्हणाला, पुढच्या रांगेत बसा, महाराज मध देईपर्यंत पोटात काही नको."

मी रांगेकडे वळले. "अजून कोणाला असं सांगितलं?" एकेक करत अख्ख्या रांगेचे हात वर झाले. टोकाचे एक आजोबा तर घामाने भिजले होते, जीभ जड झाली होती. त्यांचं बोट धुऊन मोजलं, साखर खाली. पाणी गिळता येतंय हे बघून साखरपाणी पाजलं, काकूलाही दिलं. मंत्र नाही, वाटी नाही. थोड्या वेळाने आजोबा नीट बोलायला लागले. या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. लोक खाली बघत होते.

"सुई साखर उतरवते," मी म्हटलं. "वर अन्न नसेल तर ती फार उतरते, मेंदू उपाशी पडतो, माणूस बरळतो. मग काहीही गोड दिलं की शुद्धीवर येतो. आधी उपाशी ठेवायचं आणि मग मध चाटवायचा, एवढाच हा चमत्कार. आणि पूर्ण बेशुद्ध माणसाच्या तोंडात मध घातला असता, तर श्वासनलिकेत अडकून जीव गेला असता."

काकू म्हणाली, "म्हणजे भूत नव्हतं? मग सुनेला ते सगळं... मीच बोलले?"

"भानावर नव्हतीस गं तू."

"पण तोंड माझंच होतं ना!" तिने चिकट हाताने वहिनीचा हात धरला. "चुकलं गं माझं." वहिनी रडायला लागली. काकांनी वाकून इन्शुलिन उचललं, माझ्याकडे न बघता पिशवीत ठेवलं.

भूत फार सोयीचं असतं. ते आलं की कोणालाच काही कबूल करावं लागत नाही, ना महाराजांना, ना काकूला, ना मला. चमत्काराशिवाय नमस्कार नाही, म्हणतात. खुशाल करा नमस्कार, पण आधी विचारा, माणसाने औषध काय घेतलंय, खाल्लंय काय, आणि मोजणाऱ्याने बोट धुतलं का. आम्हालाही विचारा. आम्हाला लाज वाटेल, वाटू द्या. लाजेने कोणी मरत नाही. सुई बंद केली की मरतं.